दार उघडण्यापूर्वीची न्याहरी

लग्नघरी पहिल्या पंगतीला कोणी बसावे, याविषयी आपल्याकडे एक जुना शिरस्ता आहे. मुलेबाळे, वृद्ध माणसे आणि लांबच्या गावी परतावयाचे पाहुणे यांना प्रथम बसवितात. घरची मंडळी मागाहून बसतात. पाने मांडलेली असतात, वाढपी कंबर कसून उभे असतात, चुलीवर अन्नही पुष्कळ असते. तरीसुद्धा बसणारांची संख्या पानांच्या संख्येहून वाढली, की यजमानाची तारांबळ उडते. अशा वेळी उणीव अन्नाची नसते, जागेची आणि वेळेची असते. नेमकी हीच उणीव १९९२ सालच्या वसंत ऋतूत फ्रान्समधील एका नव्या आणि अवाढव्य करमणूक-नगरीला भासली. तेथील प्रसंग लग्नाचा नव्हता, रोजच्या सकाळच्या न्याहरीचा होता. परंतु कसलेल्या हिशेबनिसांचेही अंदाज एका साध्या न्याहरीने कसे चुकविले, आणि त्या चुकीतून पुढे काय निष्पन्न झाले, हा वृत्तांत प्रवासाला निघणाऱ्या कोणत्याही कुटुंबाने जाणून घेण्याजोगा आहे.

उद्यान आणि त्याचे पाहुणे

परीकथा, साहसकथा, दूरचे देश, भविष्यकाळ अशा एखाद्या कल्पनेभोवती रचलेल्या विस्तीर्ण क्रीडोद्यानाला थीम पार्क असे नाव रूढ झाले आहे. जत्रेतील पाळणे आणि या उद्यानांतील खेळ यांत फरक असा, की येथे इमारती, रस्ते, संगीत, सेवकांचे पोशाख, किंबहुना खाद्यपदार्थदेखील त्या एकाच कल्पनेला धरून योजिलेले असतात. अमेरिकेतील चित्रपटनिर्माते वॉल्ट डिस्ने यांनी १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे डिस्नेलँड उघडले आणि या प्रकाराला जगभर प्रतिष्ठा मिळवून दिली. मात्र त्या उद्यानाभोवतीची जमीन त्यांच्या मालकीची नव्हती. पाहता पाहता तेथे इतरांची हॉटेले व दुकाने उभी राहिली आणि उद्यानामुळे होणाऱ्या लाभाचा मोठा वाटा परस्पर त्यांच्या पदरी पडला.

हा अनुभव गाठीशी असल्यामुळे फ्लॉरिडा राज्यात ऑर्लँडो शहराजवळ त्यांनी सुमारे २७,००० एकर जमीन आधीच मिळवून ठेविली. १५ डिसेंबर १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे थोरले बंधू रॉय डिस्ने यांनी अंगीकृत काम तडीस नेले आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी वॉल्ट डिस्ने वर्ल्ड लोकांसाठी खुले झाले. पहिल्या दिवसापासून उद्यानाबरोबर कंपनीची स्वतःची दोन हॉटेले चालू होती. त्यांपैकी कंटेंपररी या हॉटेलाच्या पोटातून एकरुळी गाडी जाते. पाहुण्याने खोलीतून उतरावे, गाडीत बसावे आणि उद्यानाच्या दाराशी उतरावे, अशी ती योजना होती. आज तेथे चार मोठी उद्याने असून कंपनीच्या हॉटेलांची संख्या पंचवीसहून अधिक आहे.

या व्यवस्थेचा एक परिणाम सहसा ध्यानात येत नाही. पाहुणा रात्री झोपतो ती जागा आणि दिवसा हिंडतो ती जागा एकाच यजमानाची झाली, की मधल्या वेळेची जबाबदारीही त्याच यजमानावर येऊन पडते. शहरातील हॉटेलात पाहुणे निरनिराळ्या कामांसाठी उतरलेले असतात. कोणी सातला उठतो, कोणी दहाला. उद्यानालगतच्या विश्रामस्थानी उतरलेल्या हजारो माणसांचे काम मात्र एकच असते. त्यांचे घड्याळ एकच, त्यांचे दार एकच आणि त्या दाराशी पोहोचण्यापूर्वी त्यांना लागणारी भूकही एकाच वेळची असते.

पहिल्या तासाचे मोल

हे लोक सुट्टीच्या दिवशी पहाटे उठण्याचा खटाटोप का करतात, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. उद्यानातील प्रत्येक खेळाची एक ठरावीक शक्ती असते. समजा, एखाद्या खेळात ताशी १,००० माणसे बसू शकतात. दार उघडल्यावर लगेच पोहोचणाऱ्या माणसाच्या पुढे ३०० जण असले, तर त्याला १८ मिनिटे थांबावे लागेल. तोच मनुष्य अकरा वाजता आला आणि त्याच्या पुढे १,५०० जण असले, तर त्याला दीड तास तिष्ठावे लागेल. खेळ तोच, तिकीट तेच, पाहावयाचे तेही तेच. फरक फक्त येण्याच्या वेळेचा. सकाळच्या पहिल्या तासात ज्याचे तीन खेळ होतात, त्याला दुपारी तेवढ्याच तीन खेळांसाठी सारा अपराह्ण खर्ची घालावा लागतो.

पहिल्या तासाचे हे मोल कंपन्यांनीही ओळखले आहे. फ्लॉरिडात कंपनीच्या हॉटेलांतील पाहुण्यांना २०२१ सालापासून चारही उद्यानांत रोज नियोजित वेळेच्या अर्धा तास आधी प्रवेश मिळतो. जपानमधील टोकियो डिस्नेलँड, जे १५ एप्रिल १९८३ रोजी सुरू झाले, तेथेही कंपनीच्या हॉटेलांत उतरलेल्यांना पाव तास आधी आत सोडण्याची पद्धत आहे. ही सवलत हॉटेलच्या वाढीव भाड्याचे एक समर्थन म्हणून पुढे केली जाते. परंतु सवलतीचा लाभ घ्यावयाचा, तर न्याहरी तिच्याही आधी उरकली पाहिजे. आणि येथेच खरी अडचण उत्पन्न होते.

वेळेची उलट गणना करून पाहावी. उद्यान ९ वाजता उघडणार असेल, तर हॉटेलच्या पाहुण्यांना ८॥ वाजता प्रवेश. त्यांतही पुढे राहावयाचे तर ८ वाजता दाराशी उभे राहिले पाहिजे. तत्पूर्वी पिशव्यांची तपासणी व्हावयाची. त्याच्याही आधी हॉटेलची बस येण्याची वाट पाहावयाची आणि वीसएक मिनिटांचा प्रवास करावयाचा. म्हणजे ७। च्या सुमारास हॉटेलच्या बस-थांब्यावर असणे आले. मुलांना खाऊ घालावयास अर्धा तास धरला, तर ६॥ किंवा ६॥। वाजता ताट समोर यावयास हवे. उपाहारगृहाचे दारच ७ वाजता उघडत असेल, तर हा सारा हिशेब तेथेच कोसळतो. कुटुंबापुढे मग दोनच वाटा उरतात: उपाशीपोटी निघावे, किंवा पहिला तास सोडून द्यावा.

यांपैकी पहिली वाट दिसते तितकी निर्धोक नाही. या उद्यानांत दिवसभरात कित्येक मैल पायपीट होते. लहान मूल दहा वाजता भुकेने रडू लागले, की ज्या तासासाठी सारी धडपड केली तो तास खाण्याच्या ठेल्यापुढच्या रांगेत जातो. घरातील वडीलधाऱ्या मनुष्यास मधुमेह असेल, तर गोष्ट याहून गंभीर. इन्शुलिन किंवा साखर उतरविणारी काही औषधे घेतल्यावर खाणे लांबले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. न्याहरीची वेळ हा अशा मनुष्याच्या दृष्टीने सोयीचा नव्हे, प्रकृतीचा प्रश्न असतो.

फ्रान्समधील फसलेला अंदाज

आता १९९२ सालाकडे वळावे. पॅरिसच्या पूर्वेस सुमारे ३२ किलोमीटरांवर मार्न-ला-व्हॅले येथे १२ एप्रिल १९९२ रोजी युरो डिस्ने हे उद्यान सुरू झाले. त्याबरोबर सहा हॉटेले आणि एक वनशिबिर मिळून पाच हजारांहून अधिक खोल्यांची सोय एकदम करण्यात आली होती. अमेरिकेतील व जपानमधील यश पाठीशी असल्याने आखणी करणारांचा आत्मविश्वास दांडगा होता. खोल्यांची आखणी झाली, दिव्यांची झाली, तळ्यांची झाली. आणि न्याहरीच्या दालनांची आखणी करताना एक माहिती प्रमाण मानण्यात आली. ती अशी, की युरोपातील लोक सकाळी न्याहरी घेत नाहीत.

ही माहिती सर्वस्वी खोटी होती असे म्हणता येणार नाही. फ्रेंच घरांतील सकाळचे खाणे हलकेच असते. कॉफी, पाव, लोणी, मुरंबा किंवा चंद्रकोरीच्या आकाराचा क्रोसाँ एवढ्यावर ते आटोपते. त्या भाषेत न्याहरीचे नावही ‘लहान जेवण’ अशाच अर्थाचे आहे. या माहितीवर विसंबून उपाहारगृहांचा आकार कमी ठेवण्यात आला. उद्यान सुरू झाले आणि पहिल्याच दिवसांत असे दिसून आले, की न्याहरीला सगळेच येतात. ३५० आसनांच्या उपाहारगृहांत २,५०० न्याहऱ्या पुरविण्याचा प्रसंग ओढवला. रांगा दालनाबाहेर गेल्या. शिवाय आलेल्यांना निव्वळ कॉफी आणि क्रोसाँ नको होते. अंडी आणि डुकराचे खारविलेले मांस अशी अमेरिकन थाटाची भरपेट न्याहरी त्यांना हवी होती.

असे का व्हावे? याची कारणे शोधू गेल्यास मनुष्यस्वभावाचा एक नियम हाती लागतो. घरच्या सवयीवरून प्रवासातील वर्तन ताडता येत नाही. घरी जो कॉफीच्या पेल्यावर कचेरी गाठतो, तोच सुट्टीत मुलांसह दिवसभर चालावयाचे आहे हे जाणून पोटभर खातो. बाहेर उद्यानात पदार्थ महाग असतील हे त्याला ठाऊक असते, म्हणूनही तो आधीच खाऊन घेतो. पंढरपूरच्या वाटेवर चालणाऱ्या वारकऱ्याचा आहार पाहून त्याच्या घरच्या आहाराचा तर्क कोणी करीत नाही. त्याच न्यायाने घरातील फ्रेंच मनुष्यावरून विश्रामस्थानातील फ्रेंच मनुष्याचा तर्क करणे चुकीचे होते. तशात पाहुणे काही केवळ फ्रेंच नव्हते. ब्रिटन, जर्मनी, हॉलंड अशा देशांतूनही लोक आले होते आणि त्यांच्या न्याहरीच्या चाली भिन्न होत्या.

आणखी एक कारण मुक्कामाच्या अवधीत दडले होते. अमेरिकेत कुटुंबे अशा ठिकाणी चार-चार दिवस राहत. पॅरिसजवळ मात्र बरेचसे पाहुणे एकाच रात्रीपुरते येऊ लागले. सकाळी यावे, दिवसभर उद्यान पाहावे, रात्री उशिरा खोली ताब्यात घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी हिशेब चुकता करून पुन्हा उद्यान गाठावे, असा त्यांचा क्रम पडला. चार दिवस राहणाऱ्या पाहुण्यांपैकी काही जण एखादे दिवशी उशिरा उठतात, काही खोलीतच राहतात. त्यामुळे गर्दी आपोआप विखुरते. एका रात्रीच्या पाहुण्याजवळ तेवढी सवड नसते. त्यामुळे न्याहरीच्या दालनात आणि हिशेबाच्या खिडकीशी एकाच वेळी झुंबड उडू लागली. दुपारच्या जेवणाचीही गत तीच झाली. अमेरिकन पाहुणे हिंडता-हिंडता मिळेल तेव्हा खातात, पण येथे साडेबाराच्या ठोक्याला सर्वांना एकदमच जेवावयाचे होते.

या उद्यानाला पुढे मोठ्या आर्थिक संकटातून जावे लागले. सप्टेंबर १९९३ अखेरच्या वर्षात त्याला ५.३ अब्ज फ्रँकचा तोटा आला. १९९४ साली कर्जाची पुनर्रचना करावी लागली आणि त्याच वर्षी उद्यानाचे नावही बदलून डिस्नेलँड पॅरिस असे झाले. हे सारे न्याहरीमुळे घडले असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. कर्जाचा बोजा, चढे व्याज, युरोपातील मंदी आणि तिकिटांचे व खोल्यांचे भारी दर ही त्याची प्रमुख कारणे होत. परंतु पाहुण्याच्या सवयी न पारखता केलेल्या आखणीचे सर्वांत सोपे आणि सर्वांच्या नजरेत भरणारे उदाहरण म्हणून व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत आजही त्या न्याहरीचाच दाखला दिला जातो. तेथील उद्यानात मद्य न देण्याचा नियमही असाच अंगाशी आला आणि १९९३ साली जेवणाबरोबर द्राक्षासव देण्यास मुभा द्यावी लागली.

आसने, मिनिटे आणि माणसे

३५० आसने आणि २,५०० माणसे या दोन आकड्यांकडे किंचित बारकाईने पाहिले, तर रांगेचे शास्त्र उलगडते. या शास्त्राचा पाया डेन्मार्कमधील गणिती एरलांग यांनी १९०९ साली कोपनहेगनच्या टेलिफोन-व्यवहाराचा अभ्यास करताना घातला. पुढे १९६१ साली अमेरिकेतील प्राध्यापक जॉन लिटल यांनी एका साध्या सूत्राची सिद्धता दिली. एखाद्या जागी सरासरीने किती माणसे असतात, हे ताशी किती माणसे येतात आणि प्रत्येक जण किती वेळ थांबतो यांच्या गुणाकाराइतके असते, असे ते सूत्र सांगते.

हे सूत्र न्याहरीला लावू. पाहुणा आसनावर सरासरी ४२ मिनिटे बसतो असे मानले, तर ३५० आसनांवर ताशी ५०० माणसे बसून उठतील. २,५०० माणसांना त्या हिशेबाने पाच तास लागतील. पण ही सारी माणसे सात ते नऊ या दोन तासांतच खाऊ इच्छितात. त्या दोन तासांत १,००० जणांचीच सोय होईल आणि १,५०० जण रांगेत राहतील. वाढपी कितीही चपळ असले, तरी हे गणित बदलत नाही. कुटुंबातील माणसे तीन आणि मेज चौघांचे, असे अनेकदा घडते. म्हणून ३५० आसने सांगितली तरी प्रत्यक्षात तेवढी भरत नाहीत. आपल्या पंगतीत ही अडचण येत नाही, कारण तेथे अनोळखी माणसेही मांडीला मांडी लावून बसतात आणि सारी पंगत एकदम उठते.

मग उपाय कोणते? सूत्रात तीनच गोष्टी आहेत, म्हणून उपायही तीनच प्रकारचे. पहिला, बसण्याचा वेळ कमी करणे. मेजावर मागणी नोंदवून घेण्याऐवजी पदार्थ मांडून ठेवले आणि ज्याने त्याने वाढून घेतले, तर पाहुणा अर्ध्या तासात उठतो. ताशी ७०० माणसे होतात. दुसरा, वेळेची व्याप्ती वाढविणे. दालन सहापासून दहापर्यंत उघडे ठेवले, तर मूळच्या गतीनेही २,००० जणांची सोय लागते. तिसरा, काही माणसांना आसनाची गरजच पडू न देणे. उरलेल्या ५०० जणांना न्याहरीचे बांधलेले डबे खोलीवर पोहोचविले, की हिशेब पूर्ण होतो. फ्रान्समधील व्यवस्थापकांनी याच तिसऱ्या मार्गाचा आधार घेतला. तयार न्याहरीची पाकिटे खोल्यांवर आणि ठिकठिकाणच्या लहान केंद्रांवर त्यांनी तातडीने पोहोचवावयास सुरुवात केली. ज्या भिंती उभ्या झाल्या होत्या त्या पाडता येत नव्हत्या. वेळ आणि वाटप यांतच फेरफार शक्य होता.

मुदपाकखान्याची पहाट

पाहुण्याला साडेसहाला ताट मिळावे यासाठी कोणाला तरी तीन-चार वाजता उठावे लागते, हे विसरून चालणार नाही. फळे चिरणे, पीठ भिजविणे, भट्ट्या तापविणे, पाव भाजणे ही कामे अंधारातच सुरू होतात. यांत्रिक साधने कितीही आली, तरी पहाटेची पाळी ही माणसांचीच असते. आणि या नगऱ्यांत काम करणारे पुष्कळसे लोक दूर, स्वस्त वस्तीत राहत असल्यामुळे त्यांचा दिवस बसच्या पहिल्या फेरीने सुरू होतो. दालन एक तास आधी उघडावे, ही मागणी कागदावर सोपी दिसते. तिचा भार कोणाच्या झोपेवर पडतो, हेही यजमानाने मोजावयाचे असते.

अन्न आधीच शिजवून ठेवावे म्हटले, तर त्यालाही मर्यादा आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नमुना संहितेनुसार वाढण्यासाठी ठेवलेले गरम अन्न ५७ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक आणि थंड अन्न ५ अंश किंवा त्याहून कमी तापमानात राखावे लागते. मधल्या तापमानात जंतूंची वाढ झपाट्याने होते. खेरीज अंड्याचा पोळा तासभर तापत राहिला, तर चामड्यासारखा होतो. म्हणून स्वयंपाकी थोडे थोडे करून वारंवार वाढतात.

मांडून ठेवलेल्या न्याहरीतही रांगा लागतात. फक्त त्या कोठे लागतात ते बदलते. अनुभवी व्यवस्थापक तीन ठिकाणांवर लक्ष ठेवतो. एक, पाव भाजण्याचे यंत्र. दुसरे, कॉफीची तोटी. आणि तिसरे, समोर पोळा करून देणाऱ्या आचाऱ्याची शेगडी. फळे, दूध, दही यांच्यापाशी कोणी अडत नाही. परंतु या तीन ठिकाणी प्रत्येकाला एक-दोन मिनिटे थांबावे लागते आणि तेवढ्यानेच साऱ्या दालनाची गती मंदावते. पुष्कळदा नवे दालन बांधण्यापेक्षा कॉफीच्या आणखी दोन तोट्या बसविल्याने अधिक माणसे वेळेवर बाहेर पडतात.

कुटुंबाने काय करावे

हे सर्व जाणून घेतल्यावर प्रवाशाच्या हाती काही साधे नियम लागतात. पहिला नियम असा, की उद्यानाची वेळ पाहताना उपाहारगृहाची वेळही त्याच दिवशी पाहून ठेवावी. दोन्ही वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. गेल्या वर्षी गेलेल्या शेजाऱ्याची माहिती यंदा लागू पडेलच असे नाही. दुसरा नियम, ज्या दिवशी पहिला तास साधावयाचा, त्या दिवशी न्याहरी खोलीतच करावी. फ्लॉरिडातील कंपनीच्या हॉटेलांच्या खोल्यांत लहान शीतकपाट असते. आदल्या संध्याकाळी दूध, केळी, पाव, सुका मेवा आणून ठेविला, तर पंधरा मिनिटांत सर्वांचे खाणे होते. तेथील उद्यानांत बाहेरचे खाद्यपदार्थ नेण्यास मुभा आहे. काचेची भांडी आणि मद्य मात्र चालत नाही. तेव्हा बसमध्ये खाण्यासारखे काही बरोबर घेऊन निघाले, तरी हरकत नसते.

तिसरा नियम मोबाइल फोनने शक्य केला आहे. २०१७ सालापासून फ्लॉरिडातील उद्यानांत झटपट खाद्यगृहांचे पदार्थ फोनवरून आधी नोंदविण्याची सोय झाली. पैसे देण्याची रांग तिने टळते आणि पदार्थ तयार झाल्याची वर्दी हातातच मिळते. यात वेळ वाचतो हे खरे. परंतु सर्वांनी एकाच मिनिटाची मागणी नोंदविली, तर शेगडीपुढची अदृश्य रांग तितकीच लांब होते, हेही ध्यानी ठेवावे. म्हणून सोयीची वेळ जितकी आधी नोंदविता येईल तितकी बरी.

चौथा नियम मनाच्या तयारीचा आहे. मिकी माउस आदी पात्रे मेजापाशी येऊन मुलांना भेटतात अशा थाटाच्या न्याहऱ्या तेथे लोकप्रिय आहेत. त्यांची जागा ६० दिवस आधी राखून ठेवता येते आणि पुष्कळदा पहिल्याच दिवसांत ती भरून जाते. त्या न्याहरीला निवांत तास-दीड तास लागतो, आणि तो लागलाच पाहिजे. मुलांच्या दृष्टीने तीच मौज असते. ज्या दिवशी अशी न्याहरी ठरेल, त्या दिवशी पहिल्या तासाचा लोभ सोडावा. एका सकाळी दोन्ही साधू पाहणाऱ्या कुटुंबाला ना धड न्याहरी मिळते, ना धड खेळ.

शाकाहारी मंडळींनी आणखी एक दक्षता घ्यावी. वॉफल, पॅनकेक आणि गोड पाव दिसावयास निरुपद्रवी असले, तरी त्यांत सामान्यतः अंडे असते. विचारल्यावर आचारी घटकपदार्थ सांगतात. पण सकाळच्या घाईत विचारपूस करावयास फुरसत मिळत नाही. ती चौकशी आदल्या संध्याकाळी, दालन शांत असताना करावी.

आपल्याकडेही अशा उद्यानांची परंपरा आता रुजली आहे. हैदराबादजवळ १९९६ साली उभ्या राहिलेल्या रामोजी फिल्म सिटीच्या आवारातच हॉटेले आहेत. मुंबई-पुणे मार्गावर खोपोलीनजीक २०१३ साली इमॅजिका उद्यान सुरू झाले आणि त्यालगत हॉटेलही झाले. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत इंदूर-बडोद्याहून अथवा बेळगाव-गोव्याहून निघालेले कुटुंब रात्रीचा प्रवास करून अशा ठिकाणी उतरते, तेव्हा त्याच्यापुढे वर सांगितलेलाच हिशेब उभा राहतो. चिवडा, दशम्या, गूळपोळी असा टिकाऊ शिदोरीचा डबा प्रवासात बाळगण्याची आपली जुनी रीत या हिशेबात आजही चोख बसते. उद्यानाच्या आत बाहेरचे खाणे चालते की नाही, हे मात्र ठिकाणागणिक आधी विचारून घ्यावे. न चालल्यास डबा हॉटेलच्या खोलीतच रिकामा करावा.

यजमानाच्या बाजूने पाहिले, तर फ्रान्समधील त्या सकाळींचा बोध याहूनही थोडक्यात सांगता येतो. लग्नघरातील जाणती गृहिणी पाने मांडण्यापूर्वी आलेल्या मंडळींवर एकदा नजर फिरविते. कोणाची गाडी लौकर आहे, कोणाची मुले भुकेली आहेत, कोणाला औषधापूर्वी खावे लागते, हे ती पाहते आणि मगच पहिल्या पंगतीची माणसे ठरविते. पाहुण्यांचा देश विचारून त्यांच्या भुकेचा अंदाज ती करीत नाही. पॅरिसजवळच्या त्या हॉटेलांना ही गोष्ट रांगा लागल्यानंतर उमगली. आणि तेव्हा भिंती वाढविता येत नसल्या, तरी न्याहरीची पाकिटे बांधून पाहुण्यांच्या दारापर्यंत नेता आली.